मुंबईच्या घरात ॲक्सोलॉटल: आधी चिलर, मग टाकी, प्राणी सगळ्यात शेवटी

मे महिन्यात मुंबईच्या नळाला येणारं पाणी २९-३० अंश सेल्सिअसचं असतं. ॲक्सोलॉटलला लागतं १६ ते १८ अंशांचं. हा प्राणी मुंबईत पाळण्यातली जवळजवळ सगळी मेहनत, खर्च आणि चुका या बारा अंशांच्या फरकात आहेत. खाणं सोपं आहे, जागा फार लागत नाही, आवाज नाही, वास नाही. पण पाणी वर्षाचे ३६५ दिवस थंड ठेवता येत नसेल तर हा प्राणी घरी आणू नये. पंखा लावून किंवा बर्फ टाकून वेळ निभावून नेऊ, असं ठरवून आणलेले ॲक्सोलॉटल पहिला उन्हाळा क्वचितच पार करतात.

दुकानात याला 'वॉकिंग फिश' म्हणतात, पण हा मासा नाही. हा सॅलमँडर आहे, म्हणजे बेडकासारखाच उभयचर. फरक इतकाच की तो मोठा झाला तरी कल्ले गळत नाहीत आणि जन्मभर पाण्यातच राहतो. मूळचा तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को तळ्याचा आणि तिथल्या कालव्यांचा. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हे तळं कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सहाशे मीटर वर. तिथलं पाणी थंड, संथ आणि गढूळ. त्याला काय हवं हे समजून घ्यायला हे तीन शब्द पुरतात.

रानातले ॲक्सोलॉटल आता संपत आले आहेत. सोचिमिल्कोमध्ये १९९८ साली एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे सहा हजार मोजले गेले होते, २०१४ मध्ये ३६. पाळीव प्राणी म्हणून विकले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले असतात. ही परंपरा १८६४ साली पॅरिसला पोचलेल्या ३४ प्राण्यांपासून सुरू झाली.

कागदपत्रं

ॲक्सोलॉटल साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्सच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं. म्हणून विकणाऱ्याकडून पावती घ्या आणि त्याच्याकडच्या नोंदणीचे तपशील मागा. 'कागद-बिगद लागत नाहीत' असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.

चिलर

पहिली खरेदी चिलरची, म्हणजे टाकीतलं पाणी थंड करणाऱ्या यंत्राची. सहसा तो टाकी, फिल्टर आणि प्राणी या तिन्हींपेक्षा महाग पडतो, म्हणून लोक तो पुढच्या महिन्यावर ढकलतात आणि तिथेच फसतात.

पंख्याने का भागत नाही? टाकीवर पंखा लावला की पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार किती? पंख्याने पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानापर्यंतच (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) खाली जाऊ शकतं आणि मे-जूनमध्ये मुंबईत ते २५ ते २७ अंशांच्या आसपास असतं. पुण्यात किंवा नाशकात हिवाळ्यात ही युक्ती थोडीफार चालेल. मुंबईत ती फक्त डिसेंबर-जानेवारीच्या काही कोरड्या रात्री उपयोगी पडते.

पेल्टियर पद्धतीचे (कॉम्प्रेसर नसलेले, विजेच्या चकतीने थंड करणारे) छोटे, स्वस्त कूलर दोन-चार लिटरसाठी ठीक असतात. सव्वाशे लिटरच्या टाकीत ते दिवसभर चालूनही पारा जेमतेम एक-दोन अंश उतरवतात. म्हणून कॉम्प्रेसरचा चिलरच घ्यायचा.

फ्रिज दुरुस्त करणारे कारागीर जुन्या कॉम्प्रेसरला तांब्याची कॉइल जोडून 'घरगुती चिलर' बनवून देतात. तो घेऊ नका. तांबं पाण्यात उतरतं आणि उभयचरांना ते विषारी असतं. कंपनीच्या चिलरमध्ये पाण्याला लागणारी नळी टायटॅनियमची असते. विकत घेताना हे विचारून खात्री करा.

आकार ठरवताना खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुतेक वेळा २५ अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी असतो. ३३ अंशांच्या खोलीत तोच चिलर अर्धमेला होतो. सव्वाशे लिटर पाण्याला कागदावर १/१० हॉर्सपॉवर पुरेल असं दिसतं, पण मुंबईत एक पायरी वरचा, म्हणजे १/६ किंवा १/५ हॉर्सपॉवरचा घ्यावा. मोठा चिलर कमी वेळ चालतो, विश्रांती घेतो आणि जास्त वर्षं टिकतो. विजेचा हिशेब असा करा: २०० वॉटचा चिलर दिवसाला एकूण १२ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. एप्रिल-मेमध्ये याहून जास्त धरा.

चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो. टाकीच्या खालच्या बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो, तापतो आणि बंद पडतो. चारही बाजूंनी किमान १५-२० सेंटिमीटर मोकळी जागा हवी आणि गरम हवा खोलीबाहेर जायला वाट हवी. मागची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. मुंबईत आसपास कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, त्यामुळे धूळ फार लवकर बसते.

तापमान १७.५ अंशांवर लावा. चिलरच्या आकड्यावर विसंबू नका, टाकीच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळा डिजिटल थर्मामीटर लावा. २० अंशांपर्यंत काळजी नाही. २२ च्या वर प्राणी खाणं टाकू लागतो आणि २४ च्या वर सलग काही दिवस राहिला तर बुरशी लागते, तब्येत ढासळते आणि मग सावरणं अवघड होतं.

घाम येणारी काच

या गोष्टीबद्दल परदेशी माहितीपत्रकांत फारसं काही सापडत नाही, पण मुंबईत पहिल्याच जुलैत ती समोर उभी राहते. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो आणि तुमची काच असते १८ अंशांवर. थंड पाण्याच्या बाटलीला सुटतो तसा सबंध टाकीला घाम सुटतो. ते पाणी खाली ओघळतं, प्लायवूडचा स्टँड फुगतो, भिंतीला बुरशी येते आणि मागच्या स्विचबोर्डपर्यंत ओल पोचते.

उपाय स्टँड घेतानाच करायचा. स्टँड लोखंडी, पावडर कोटिंग केलेला घ्या. टाकीची मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ एसीच्या पाइपला लावतात त्या काळ्या नायट्राइल फोमच्या १९ मिलिमीटर जाडीच्या शीटने मढवा. चिलरच्या दोन्ही नळ्यांवर त्याच फोमचे पोकळ पाइप चढवा. समोरच्या काचेवर अर्ध्या इंचाची हवेची फट ठेवून ॲक्रिलिकची दुसरी शीट बसवा आणि फट चारी बाजूंनी सिलिकॉनने बंद करा. फटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या तर आतून धुकं धरत नाही. याने घाम कमी होतो आणि चिलरचं काम बरंच हलकं होतं, हा फायदा वेगळाच. स्टँडखाली तरीही एक उथळ ट्रे असू द्या.

विजेची प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. त्या पॉइंटला अर्थिंग आहे का आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत दोन्ही नसणं नवलाचं नाही.

टाकी

मोठा झालेला ॲक्सोलॉटल २० ते ३० सेंटिमीटर लांब होतो आणि १० ते १५ वर्षं जगतो. तो तळावर चालणारा प्राणी आहे, त्यामुळे उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. एकासाठी ३६ इंच लांब, १८ इंच रुंद, १५ इंच उंच टाकी घ्या. १२ इंचांपर्यंत भरली की सुमारे १२५ लिटर पाणी बसतं. काच, स्टँड धरून हे ओझं पावणेदोनशे किलोपर्यंत जातं, म्हणून टाकी भिंतीलगत, शक्यतो बीमवर ठेवा. लाकडी फळ्यांच्या माडीवर, जुन्या चाळीत, हा आकार ठेवण्याआधी जाणकाराला दाखवा. वर झाकण हवंच. हा प्राणी उडी मारतो आणि रात्री जमिनीवर पडला तर सकाळपर्यंत सुकून जातो.

तळाला खडे नकोत. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाणी ओढतो आणि त्यासोबत जे येईल ते गिळतो. गिळलेला खडा आतड्यात अडकतो. तळ रिकामा ठेवा किंवा खरखरीत फिनिशच्या टाइल बसवा, म्हणजे पाय घसरत नाहीत. वाळू हवी असेल तर १ मिलिमीटरहून बारीक, धुतलेली फिल्टरची वाळू वापरा, तीही प्राणी १३ सेंटिमीटरहून मोठा झाल्यावर. चौपाटीची वाळू अजिबात नको. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात.

लपायला दोन जागा द्या: ४ इंची पीव्हीसी पाइपचा कडा घासलेला तुकडा आणि आडवी ठेवलेली मातीची कुंडी. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात, त्यामुळे झगझगीत लाइट त्याला सोसत नाही. जावा फर्न, ॲन्यूबियस आणि जावा मॉस मंद उजेडात आणि थंड पाण्यात टिकतात. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

फिल्टर म्हणून मोठा दुहेरी स्पंज फिल्टर उत्तम. चिलरला मात्र पंप लागतो आणि पंपाचा प्रवाह या संथ पाण्याच्या प्राण्याला त्रास देतो. चिलरमधून परत येणारं पाणी बारीक भोकांच्या आडव्या पाइपमधून, भोकं मागच्या काचेकडे वळवून सोडा. पंपाच्या तोंडावर स्पंज बसवा, नाहीतर कल्ले ओढले जातात. प्रवाह जास्त आहे हे प्राणीच सांगतो. त्याचे कल्ले पुढे वळलेले राहतात आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकतं.

पाणी

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी अशा धरण-तलावांतून येतं. पावसाचं साठवलेलं पाणी असल्याने ते मृदू असतं, क्षार कमी. ॲक्सोलॉटलला थोडं कठीण पाणी मानवतं: जीएच (एकूण कठीणपणा) ७ ते १४, केएच (पीएच घसरू न देणारी क्षारता) ३ ते ८, पीएच ७.४ च्या आसपास. टँकरचं किंवा बोअरचं पाणी उलट टोकाचं, कधी खारंही असतं. सोसायटीत दोन्ही मिसळत असतील तर टाकी भरण्याआधी चाचणी कराच. आरओचं पाणी नुसतं वापरू नका, त्यात क्षारच उरत नाहीत.

कठीणपणा वाढवायला अनेक जण प्रवाळाचा चुरा सुचवतात. प्रवाळ आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तो नको. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा २०० ग्रॅम घ्या, उकळून धुवा, जाळीच्या पिशवीत बांधा आणि फिल्टरजवळ ठेवा. प्राण्याच्या तोंडाला लागेल असा मोकळा टाकू नका.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावसाळ्यात कधी नेहमीपेक्षा जास्त. प्रत्येक बादलीत अँटिक्लोरीन घालणं चुकवू नका. कोरफड मिसळलेला, 'त्वचेचं रक्षण करणारा' प्रकार मात्र घेऊ नका, तो माशांसाठी असतो.

टाकी पिकवणं

प्राणी आणण्याआधी फिल्टरमध्ये जिवाणू वाढवायला चार ते आठ आठवडे लागतात. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं आहेत, तिसरं थोड्या प्रमाणात चालतं. रिकाम्या टाकीत ही साखळी उभी करायची.

यासाठी अमोनियम क्लोराइड लागतं, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा मात्र नको, त्यात भेसळ असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १२० लिटर पाण्यात ०.७ ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल. चाचणीसाठी थेंबांचं किट घ्या, कागदी पट्ट्या फार ढोबळ आकडे देतात.

दर दोन दिवसांनी तपासा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच नवसागर टाका. नायट्राइट कितीतरी दिवस वरच अडकून राहील, तेव्हा धीर सोडू नका. एक दिवस ते एकाएकी कोसळतं. ०.७ ग्रॅम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी पिकली.

मुंबईत हे काम मध्येच ठप्प होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा मृदू पाणी. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात. केएच संपला की पीएच घसरतो आणि जिवाणू थांबतात. १०० लिटरला ५ ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच सुमारे दीडने वाढतो आणि गाडी पुन्हा सुरू होते.

सुरुवातीला चिलर बंद ठेवा, कारण २८ अंशांना जिवाणू झपाट्याने वाढतात. शेवटचे दोन आठवडे मात्र चिलर चालू करून १८ अंशांवर चाचणी घ्या. थंडीत ते मंदावतात आणि गरम पाण्यात पास झालेली टाकी थंड पाण्यात नापास होऊ शकते. पिकल्यावर सत्तर-ऐंशी टक्के पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

प्राणी निवडताना

क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो किंवा घरी पैदास करणारा कोणी असो, पहिली गोष्ट म्हणजे खिशातला थर्मामीटर काढून त्यांच्या टाकीत बुडवा. पाणी २६ अंशांचं असेल तर तिथला प्राणी कितीही गोड दिसला तरी आधीच आजारी समजा. दया येऊन घेऊ नका, कारण रिकाम्या झालेल्या त्या टाकीत उद्या दुसरा येईल.

किमान ८ सेंटिमीटरचा घ्या. त्याहून लहान पिल्लांना जिवंत बारीक खाद्य दिवसातून दोनदा लागतं. कल्ले झुबकेदार हवेत, अंगावर कापसासारखे पुंजके नकोत, पोट डोक्याइतकं रुंद हवं. पायाचं एखादं बोट नसेल तर बिघडत नाही, ते पुन्हा येतं. पांढरा, सोनेरी की काळा हा केवळ आवडीचा प्रश्न आहे.

पहाटे किंवा रात्री आणा. पिशवी थर्माकोलच्या डब्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या जेल पॅकसोबत. पिशवीतलं पाणी तुमच्या टाकीपेक्षा गरम असेल तर तासाला एक-दोन अंशांहून वेगाने उतरवू नका.

एकच पाळा. १२ सेंटिमीटरपर्यंतची पिल्लं एकमेकांचे पाय खातात. मासे सोबत ठेवले तर ते कल्ले कुरतडतात, नाहीतर स्वतःच गिळले जातात.

खाणं

गांडूळ हे त्याचं पूर्ण अन्न आहे. पण कोणतं गांडूळ, याला महत्त्व आहे. गांडूळखताच्या युनिटमध्ये आयसेनिया फेटिडा ही लाल, पट्ट्यापट्ट्यांची जात सर्रास मिळते. तिच्या अंगातून कडू द्रव सुटतो आणि ॲक्सोलॉटल ती तोंडात घेऊन थुंकतो. त्याऐवजी युड्रिलस युजेनी, म्हणजे 'आफ्रिकन नाइटक्रॉलर' मागा. हीही खतासाठीच पाळतात, मोठी असते, उष्णता सोसते. बाल्कनीच्या सावलीत कोकोपीटच्या डब्यात भाज्यांच्या सालींवर ती छान वाढते. कांदा, लिंबू आणि तिखट-मिठाचं काही त्या डब्यात टाकू नका. बागेतली किंवा शेतातली गांडुळं कीटकनाशकाच्या भीतीने टाळलेलीच बरी.

गांडूळ धुवा, प्राण्याच्या तोंडाच्या मानाने तुकडे करा आणि बोथट टोकाच्या लांब चिमट्याने त्याच्या नाकासमोर हलवा. वाढत्या पिल्लाला रोज, १५ सेंटिमीटरनंतर एक दिवसाआड, पूर्ण वाढ झाल्यावर दोन-तीन दिवसांतून एकदा. पोट डोक्यापेक्षा रुंद दिसू लागलं की हात आखडता घ्या. मधूनमधून बुडणाऱ्या, ४० टक्क्यांहून जास्त प्रथिनांच्या गोळ्या किंवा गोठवलेले ब्लडवर्म चालतात. जिवंत ट्युबिफेक्स बहुधा गटाराच्या पाण्यातून काढलेले असतात, ते नकोत. चिकन, मटण आणि बाजारातले 'फीडर' मासेही नकोत.

न खाल्लेलं आणि विष्ठा त्याच दिवशी जाड तोंडाच्या पिचकारीने ओढून काढा.

आठवड्याचं काम

दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदला, म्हणजे साधारण ३० लिटर. नायट्रेट २० पीपीएमच्या आत ठेवायचं. इथेही तापमान आडवं येतं. १८ अंशांच्या टाकीत चौथा हिस्सा २९ अंशांचं पाणी ओतलं तर सगळं पाणी पावणेतीन अंशांनी तापतं. म्हणून दोन बादल्या आदल्या रात्री भरा, अँटिक्लोरीन घाला आणि पाणी ओतण्याआधी त्यांत गोठवलेल्या बंद बाटल्या सोडा. हिशेब सोपा आहे: एक लिटरची बर्फ झालेली बाटली १०० लिटर पाणी सुमारे एक अंशाने उतरवते. ३० लिटर पाणी २९ वरून १८ वर आणायला साडेतीन बाटल्या लागतात.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतील. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. पाइपलाइन दुरुस्तीसाठी पाणी २४ तास बंद राहणार असल्याची सूचना येते, त्या आठवड्यात ४० लिटर वेगळं भरून ठेवा.

धूर, फवारणी आणि रंग

ॲक्सोलॉटलची कातडी सच्छिद्र असते आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात मिसळतो. डासांची कॉइल, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे आणि डांबर गोळ्या त्या खोलीत वापरू नका. सर्वांत धोक्याची ती पावसाळ्यातली धूरफवारणी. तिच्यातलं कीटकनाशक पाण्यातल्या जिवांना अगदी थोडंही घातक असतं. भोंगा ऐकू आला की खिडक्या बंद करा, एअर पंप बंद करा, टाकीवर ओला टॉवेल टाका आणि धूर पूर्ण विरल्यावर, तासाभराने, सगळं पुन्हा सुरू करा. घरात पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीचा रंग असेल तर प्राण्याला थंड पाण्याच्या टबात दुसऱ्या घरी हलवणंच योग्य.

वीज गेली तर

मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणून तयारी नसते. १२ ऑक्टोबर २०२० ला सबंध शहर एकदम अंधारात गेलं होतं, तसा दिवस पुन्हा येऊ शकतो. फ्रीजरमध्ये एक लिटरच्या चार बाटल्या कायम गोठवून ठेवा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. फोम लावलेली टाकी तीन-चार तास फारशी तापत नाही. २० अंश ओलांडले की एक बाटली सोडा, ती वितळल्यावर दुसरी. सुटा बर्फ टाकू नका. चिलर बिघडला तर दुरुस्तीला दिवस लागतात, तेव्हा प्राण्याला टबात काढून एसीच्या खोलीत ठेवणं सोपं जातं.

आजार

खाणं सोडलं की आधी थर्मामीटर, मग अमोनियाची चाचणी, औषधाचा विचार त्यानंतर. कल्ल्यांवर पांढरा कापूस दिसला तर ती बुरशी. प्राण्याला खाण्याच्या वस्तूंच्या दर्जाच्या प्लास्टिक टबात, १६-१७ अंशांच्या क्लोरीन काढलेल्या पाण्यात ठेवा आणि ते पाणी रोज पूर्ण बदला. बिनआयोडीनचं खडे मीठ लिटरला चहाचे दोन छोटे चमचे विरघळवून त्या पाण्यात १० मिनिटं, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस ठेवता येतं. त्याहून जास्त नको, मिठाने कल्ले भाजतात. मुंबईच्या फुटपाथवर सावली देणाऱ्या देशी बदामाचं आपोआप गळलेलं, वाळलेलं पान धुऊन पाण्यात टाकलं तर त्यातल्या टॅनिनने कातडीला आराम मिळतो. गजबजलेल्या रस्त्याकडेचं किंवा फवारणी केलेलं पान घेऊ नका.

मत्स्यालयाच्या दुकानात प्रत्येक दुखण्यावर एखादी निळी-हिरवी बाटली हातात देतात. तांबं, फॉर्मेलिन किंवा मॅलकाइट ग्रीन असलेलं काहीही टाकू नका. प्राणी पाण्यावर तरंगत राहिला आणि खाली जाता येत नसेल तर बद्धकोष्ठ किंवा गिळलेली हवा असू शकते. टबात पाणी उथळ करा आणि दोन दिवस खाणं थांबवा. पोटावर, पायांवर लाल चट्टे म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग, तिथे घरगुती उपाय चालत नाही. उभयचर तपासणारा पशुवैद्य मुंबईत शोधावाच लागतो, म्हणून त्याचा नंबर प्राणी आणण्याआधीच मिळवून ठेवा.

सांभाळणं जमलं नाही तर पवई किंवा विहारमध्ये सोडू नका. तिथल्या गरम पाण्यात तो मरेल आणि जगला तितके दिवस आपल्या बेडकांना परके रोग देत राहील.

गणपतीला गावी जाताना

मोठा झालेला प्राणी आठवडाभर उपाशी राहू शकतो, म्हणून शेजारच्या काकूंना गांडुळांचा डबा देऊ नका. जास्त खायला घातल्याने पाणी खराब होण्याचा धोका उपाशी राहण्यापेक्षा मोठा आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, चिलरची जाळी झाडा, फ्रीजरमध्ये बाटल्या सहा करा. मेन स्विच बंद करून निघायची सवय असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. घरात किल्ली असलेल्या माणसाने दिवसातून एकदा थर्मामीटर बघायचा आणि त्याचा फोटो पाठवायचा, एवढंच काम. टाकीवर कागद चिकटवा: २० च्या खाली असेल तर काही करू नका, २० च्या वर असेल तर फ्रीजरमधली एक बंद बाटली पाण्यात सोडा, २२ च्या वर असेल तर दोन सोडा आणि लगेच फोन करा.